फ्लॉरेन्सचे चार दिवस आणि अण्णांचे फोन

रविवार, १२ ऑक्टोबर

व्हिसा आला. पुण्याला दोन खेपा झाल्या, बँकेची स्टेटमेंटं झाली, कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र झालं, आणि एवढं सगळं झाल्यावर माझी जायची इच्छाच उडाली. अण्णांना तसं सांगितलं. पेपर बाजूला न करता म्हणाले, "तिकिटं निघालीत. आता त्यावर बोलायचं न्हाई."

मी कधी म्हटलं होतं मला युरोप बघायचाय म्हणून? म्हटलं होतं, खरं तर. पंधरा वर्षांपूर्वी. दातांच्या डॉक्टरांकडच्या कॅलेंडरवर लाल कौलांचं एक गाव होतं आणि मधोमध भला मोठा लाल घुमट. तेव्हा सहज बोलून गेले होते की याच्यावर चढून खाली बघायला मिळालं पाहिजे. त्यानंतर चार वर्षांनी आई गेली. मग अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मग डोळ्यांचं, मग प्रोस्टेटचं. मी एकावन्न वर्षांची झाले.

यात अण्णांचा स्वार्थ आहे हे मी ओळखून आहे. छत्तीस वर्षं त्यांनी हायस्कुलात इतिहास शिकवला. आपले राजाराम महाराज विलायतेहून परत येताना १८७० साली फ्लॉरेन्सला वारले, विसाव्या वर्षी, परमुलखात, आणि नदीकाठी त्यांची छत्री आहे, हे सांगताना दर वर्षी त्यांचा आवाज बसायचा. "कोल्हापूरच्या माणसानं एकदा तरी तिथं डोकं टेकून यावं," असं वर्गाला सांगायचे. निम्म्या पोरांनी तेव्हा पुणंसुद्धा बघितलेलं नसायचं. आता ब्याऐंशीव्या वर्षी स्वतःला जमणार नाही, म्हणून मला धाडतायत. म्हणजे सहल माझी आणि काम अण्णांचं.

ताईची अदिती जर्मनीत नोकरी करते. ती तिकडून फ्लॉरेन्सला येऊन मला भेटणार, चार दिवस माझ्याबरोबर राहणार. सगळं बुकिंग तिनंच केलं. माझ्या मागं ताई इथं कळंब्याला येऊन अण्णांजवळ राहील. मी ताईला म्हटलं, त्यापेक्षा तूच त्यांना जयसिंगपूरला घेऊन जा. ताई म्हणाली, "तुला ठाऊक हाय की." आहेच ठाऊक. लेकीच्या सासरी बाप मुक्कामाला राहत नाही, हा अण्णांचा नियम. जेवतील, पान खातील, जावयाशी गप्पा मारतील, पण अंधार पडायच्या आत एसटी धरतील. अदितीच्या बारशालासुद्धा तेच केलं. तीस वर्षं झाली ताईच्या लग्नाला, एक रात्र काढलेली नाही. त्यामुळं त्यांना सोडून मी जाणार कुठं आणि कशी, याचा विचार कुणी करत नाही.

शनिवार, २५ ऑक्टोबर

उद्या निघायचंय. सूचना लिहून फ्रिजला चिकटवल्या. नऊ पानं झाली. गोळ्या, गॅसची वेळ, पाण्याची पाळी, अण्णांचं पथ्य, त्यांना आंघोळीला किती गरम पाणी लागतं ते, बाथरूमला कडी लावू द्यायची नाही ते. अण्णांनी चष्मा लावून उभ्यानं सगळी पानं वाचली आणि म्हणाले, "श्वास कधी घ्यायचा ते न्हाई लिहिलंस." ताई हसली. मला काही हसू आलं नाही. नऊ पानांचं काम मी रोज पाठ करते, तेव्हा कुणी हसत नाही.

सकाळी त्यांच्या उशीमागं लोणच्याची बरणी सापडली. ब्लडप्रेशरचा माणूस, आणि लोणचं. मी खूप बोलले. चिमणाबाई वीस वर्षं आमच्याकडं स्वयंपाकाला आहे, तिला माझ्या आवाजाची सवय आहे, तरी ती भांडी ठेवून उभी राहिली. अण्णा ऐकून घेत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "झालं? आता जाऊन ये."

शिवाय म्हणतात, रोज फोन करू नको, लागलं तर मी करीन. बघूया.

मंगळवार, २८ ऑक्टोबर, फ्लॉरेन्स

काल संध्याकाळी पोचले. अदिती स्टेशनवर दिसली आणि लांबूनच "मावशी, मी आलो की," म्हणून धावत आली. चार वर्षं जर्मनीत काढून बोलणं जयसिंगपूरचंच राहिलंय. बरं वाटलं. ते बरं वाटणं आज सकाळी पावणेसातपर्यंत टिकलं.

पावणेसातला अण्णांचा फोन. "पेन्शनचं पासबुक आणि ती पीपीओची ऑर्डर कुठाय?"

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. दर वर्षी मीच त्यांना रिक्षानं बँकेत घेऊन जाते. म्हटलं, मी परत आल्यावर जाऊ की, महिना आहे. तर म्हणे कागद आत्ताच हाताशी पाहिजेत. माझ्या कपाटात तिसऱ्या कप्प्यात निळी फाईल, एवढं सांगायला पंचवीस मिनिटं लागली, कारण अण्णा स्वयंपाकघरातल्या कपाटासमोर उभे होते. मग म्हणाले, मूळ प्रत आहे ना, झेरॉक्स नको. मग आधार कार्ड. मग म्हणाले, "तू नाष्टा केलास काय?" मी म्हटलं, कधी करणार?

गाव सुंदर आहे. सुंदर आहे हे लिहून ठेवते, कारण नीट बघायला मिळालं नाही. नदीवर एक जुना पूल आहे, त्यावर दोन्ही बाजूंना सगळी सोनारांची दुकानं. आपली गुजरी उचलून पंचगंगेच्या पुलावर ठेवली तर दिसेल तशी. मी पुलाच्या मध्यावर जरा रेलून उभी राहिले, पाणी बघत होते, तेवढ्यात ताईचा फोन. अण्णांच्या हृदयाच्या डॉक्टरांची फाईल कुठाय. मी घाबरले, काय झालं विचारलं. "काही न्हाई गं, सहज. सगळे कागद एका जागी असलेले बरे." ताईला अचानक कागदांची शिस्त सुचली. स्वतःच्या घरात तिला गॅसचं पुस्तक सापडत नाही.

अदिती म्हणाली, "मावशी, फोन बंद करून माझ्याकडं दे." म्हटलं, ब्याऐंशी वर्षांचा माणूस घरी आहे. तिनं पुढं केलेला हात मागं घेतला. 

पायाला फोड आलेत. नवीन बूट घालून येऊ नका असं सगळे सांगतात, तरी मी आणले.

बुधवार, २९ ऑक्टोबर

आज घुमट होता. अदितीनं दोन महिन्यांपूर्वी तिकीट काढलेलं, सव्वादहाची वेळ. चारशे त्रेसष्ट पायऱ्या, मध्ये लिफ्ट नाही, उशिरा आला तर आत सोडत नाहीत, हे सगळं तिकिटावर छापलेलं. आम्ही साडेनऊला रांगेजवळ हजर. मी पायाला दोन पट्ट्या बांधल्या होत्या. खूप दिवसांनी पोटात गुदगुल्या होत होत्या, शाळेच्या सहलीला जाताना व्हायच्या तशा.

नऊ चाळीसला अण्णा. ट्रंकेची किल्ली.

ट्रंक म्हणजे त्यांची लोखंडी, माळ्यावरची. तिच्यात त्यांचे लोकरीचे कपडे, शाळेनं दिलेली शाल, जुनी पुस्तकं.

"आत्ता कशाला पाहिजे?"

"थंडी पडलीय."

"ऑक्टोबरात? कोल्हापुरात?"

"व्हय. यंदा लवकर पडलीय."

म्हटलं ताईला द्या. ताईनं व्हिडिओ कॉल लावला. मला आधी पंखा दिसला, मग ताईची हनुवटी, मग माळ्यावरून खाली काढून हॉलमध्ये ठेवलेली ट्रंक दिसली. ती एवढी जड वस्तू खाली कुणी काढली, तर म्हणे दाजी आले होते. दाजींचं जयसिंगपूरला कापडाचं दुकान. दिवाळीनंतर लग्नाच्या बस्त्यांची गिऱ्हाईकं सुरू होतात, दुकान सोडून ते ट्रंक काढायला कळंब्याला आले? मी विचारलं. ताई म्हणाली, सहज आले होते. या घरात सध्या सगळं सहज चाललंय.

किल्लीसाठी त्यांना मी सात जागा बघायला लावल्या. शिवणाच्या मशीनचा खण, तांदळाचा डबा, जुन्या पर्सा. शेवटी देव्हाऱ्यातल्या शंखाखाली निघाली. मीच ठेवली होती तिथं. तोपर्यंत दहा एकेचाळीस. दारावरच्या मुलीनं माझ्या तिकिटाकडं बघितलं आणि बोटानं घड्याळ दाखवलं. अदिती तिच्याशी इंग्रजीत बोलली, थोडं इटालियनमध्येही बोलली. ती मुलगी मान हलवत राहिली. तिचं बरोबर आहे. कॉलेजच्या खिडकीवर पाच वाजून एक मिनिटानं आलेल्या पोराला मीसुद्धा असंच घड्याळ दाखवते.

अदितीला मी म्हटलं, जाऊ दे. ती मात्र चिडली, माझ्यावर नाही, तिच्या आईवर. फोन लावून लांब जाऊन बोलली. माझ्यासमोर बोल म्हटलं तर म्हणाली, ऑफिसचा फोन आहे. जर्मनीचं ऑफिस, आणि "तुम्हाला चार दिवस दम निघत न्हाई काय" असं मराठीतून.

दुपारभर चर्चच्या पायरीवर बसून वर चढलेली माणसं बघितली. कठड्याशी मुंग्यांएवढी दिसत होती. कुणीतरी हातसुद्धा हलवत होतं.

मला वैताग आलाय. सहा हजार किलोमीटर लांब येऊनही मी माळ्याच्या आणि कपाटाच्या मध्येच उभी आहे. अण्णा नसते तर, असं वाक्य मनात आलं. आलं ते आलं, खोडत नाही. पण पुढं लिहीत नाही.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

चित्रांचं मोठं संग्रहालय बघितलं. फोन पिशवीत तळाशी टाकला, वर शाल, वर पाण्याची बाटली. अडीच तास मिळाले. काय बघितलं ते नावानिशी सांगता येणार नाही, पण एका चित्रातल्या बाईचा चेहरा अगदी वैतागलेला होता. तिच्याजवळ देवदूत काहीतरी निरोप घेऊन आलाय आणि ती अंग चोरून मागं सरकलीय, आता काय काम घेऊन आलास बाबा, अशी. तिच्यासमोर मी बराच वेळ थांबले.

बाहेर येऊन बघते तर अण्णांचे चार मिस्ड कॉल. धसकाच घेतला. लावला तर म्हणाले, "माझा कॉट नटबोल्टचा हाय का खिळ्याचा?"

"अण्णा, कॉटचं काय?"

"खोलायचा झाला तर पाना कुठला लागंल?"

"खोलायचा कशाला?"

म्हणाले, "ढेकूण झालेत वाटतं."

माझ्या घरात ढेकूण. दर पंधरा दिवसांनी गाद्या उन्हात टाकते, कॉटच्या सांध्यांत स्वतः औषध मारते. चार दिवस मी नाही तर ढेकूण झाले. तिथंच रस्त्यात उभी राहून मी बोलले, बरंच बोलले. दोन गोऱ्या म्हाताऱ्या थांबून बघत होत्या. अण्णा म्हणाले, "तुझं बरोबर हाय. पाना सांग तेवढा." चौदा नंबर म्हणून सांगितलं.

त्यावर कळस म्हणून चिमणाबाईचा आवाजी मेसेज. तो जसाच्या तसा लिहून ठेवते. "बाई, सोमवारपास्नं भाकरी किती जनांच्या थापू? ताई म्हन्त्यात एकटीच्याच थाप. मला काय बी कळंना झालंय. तुमीच सांगा बगू." वीस वर्षं झाली, अजून हिला कार्तिकातले सोमवार कळत नाहीत. अण्णांचा उपास असतो, म्हणून भाकरी माझ्या एकटीची. त्यांना भगर आणि शेंगदाण्याची आमटी कर म्हणून उलट मेसेज टाकला. तिचं उत्तर आलं नाही. घरी गेल्यावर या सगळ्यांना एकदा ओळीनं उभं करून बोलायला पाहिजे.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

सकाळी अदिती नाचतच आली. घुमटाचं एक तिकीट मिळतंय, कुणीतरी रद्द केलेलं, बारा वाजताचं. पण अण्णांना छत्री दाखवायची वेळ मी बाराचीच दिली होती, तिकडं साडेचार, त्यांचा चहा झाल्यावरची. दुपारनंतर अदितीची परतीची गाडी. ती म्हणाली, "मावशी, आजोबा काही म्हणणार न्हाईत. खरंच न्हाई म्हणणार. तू घुमटावर जा." मी म्हटलं, तू त्यांना ओळखत नाहीस. छत्तीस वर्षं त्या छत्रीवर त्यांचा आवाज बसलाय. ती काहीतरी बोलणार होती, पण तिनं बुटाची नाडी बांधायला घेतली.

तर घुमट सोडला. ट्रामनं गेलो, मग नदीच्या कडेकडेनं पाऊण तास चाललो. मोठी बाग आहे, पळणारी माणसं, कुत्री, सायकली. फोड फुटला. बागेच्या पार टोकाला, दोन नद्या मिळतात तिथं, ती छत्री. खाली महाराजांचा अर्धपुतळा, डोक्यावर पगडी, तरणाताठा चेहरा. भोवती कठडा. आजूबाजूला एक माणूस नाही, वर अगदी जवळून मोठ्या पुलावरच्या मोटारींचा आवाज. मला भरून वगैरे येईल असं वाटलं होतं. पाय इतका ठणकत होता की तसं काही झालं नाही. फक्त वाटलं की पोरगं फार लांब एकटं राहिलं.

बारा वाजता फोन लावला. उचलला नाही. परत लावला. ताईला लावला. सात वेळा लावल्यावर अण्णांनी उचलला. कोट घातलेला, डोक्याला टोपी, आणि चेहरा हलत होता.

"कुठं आहात?"

"घरीच की."

"मग हलताय कशानं? आणि घरात कोट-टोपी?"

"थंडी हाय म्हटलं न्हवं का."

मागं ट्रकचा हॉर्न ऐकू आला. खिडकी उघडी असेल. मी वाद घातला नाही, फोन फिरवून पुतळा दाखवला, कळस दाखवला, नद्या दाखवल्या. अण्णांनी बघितलं. बघितलं म्हणजे किती, मोजून दोन सेकंद. म्हणाले, "बरं झालं. नमस्कार कर. आणि आता फोन ठेव बाळ, तिथलं जरा झाडं-बिडं बघ." आणि ठेवला.

दोन सेकंद. यासाठी मी घुमट सोडला, यासाठी पाय फोडून घेतला. त्या बाकावर बसून मी रडले, रागानंच रडले, दुसरं काही नाही. अदितीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "मावशी, घरी गेल्यावर चिडू नकोस हं."

"मी कशाला चिडू? मी कधी चिडते?"

ती हसली नाही.

रविवार, २ नोव्हेंबर, कळंबा

संध्याकाळी पाचला घरी आले. दाराला कुलूप. किल्ली चिमणाबाईकडं. ती किल्ली माझ्या हातात देऊन पदर तोंडाला लावून उभी राहिली, त्यामुळं मला वाटलं अण्णा गेलेच. तिनं ते ओळखलं असावं, लगेच म्हणाली, "तसं न्हाई बाई, तसं न्हाई. जयसिंगपूरला गेल्यात. ऱ्हायला."

अण्णांची खोली रिकामी आहे. कॉट नाही, ट्रंक नाही, खुंटीवरची छत्री नाही, औषधांची टोपली नाही. कॉट होता तिथली फरशी बाकीच्या फरशीपेक्षा उजळ आहे. फ्रिजवरची नऊ पानंसुद्धा सोबत नेलीत.

ताईला फोन केला. तिनं सगळं सांगितलं, रडत रडत. अण्णांनी गणपतीतच ठरवलं होतं. अदितीला त्यांनीच फोन करून बुकिंग करायला लावलं, फ्लॉरेन्स त्यांनीच सांगितलं. दाजींशी ते स्वतः बोलले. पेन्शनची शाखा बदलायचा अर्ज बुधवारी दिला, शुक्रवारी दुपारी टेम्पो सांगितला. मी विचारलं, मला का सांगितलं नाही? ताई म्हणाली, "सांगितलं असतं तर तू गेली असतीस काय?"

अण्णांना फोन दे म्हटलं. मागं त्यांचा आवाज आला, "दमून आलीय, झोपू दे तिला. मग बोलू."

सोमवार, ३ नोव्हेंबर

कॉलेजला गेले. तीन पोरांवर ओरडले, एकाचा काही दोष नव्हता. घरी आले तर चिमणाबाईनं भगर आणि आमटी करून ठेवली होती, मीच सांगितलेली. एकटीनं खाल्ली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

अण्णा दोनदा फोनवर आले, मी बोलले नाही. ज्या माणसासाठी अकरा वर्षं रजेचे अर्ज केले, बदली नाकारली, दोन स्थळं नाकारली, तो माणूस मला फिरायला धाडून मागच्या मागं घर सोडतो. माझ्या हातून काय कमी पडलं ते तरी सांगावं. शेजारच्या काकू विचारत होत्या, अण्णा दिसत नाहीत. काय सांगणार? रविवारी जाऊन त्यांना घेऊन येणार आहे. तो कॉट चौदाच्या पान्यानं परत खोलायचा, बस्स.

रविवार, ९ नोव्हेंबर

सकाळच्या एसटीनं जयसिंगपूरला गेले. अण्णा पडवीत खुर्चीवर बसले होते, रविवार असून शर्टाची सगळी बटणं लावलेली. मी समोर बसले तेवढ्यात दाजी दुकानाला निघाले, आणि ते पुढून जाताना अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. दाजी म्हणाले, "बसा की अण्णा, कशाला उठताय." तरी उठले. आमच्या घरी अण्णा कलेक्टर आला तरी उठायचे नाहीत. ताईनं चहा आणला. त्यांनी कप हातात घेतला आणि दाजींनी उभ्यानं आपला कप तोंडाला लावेपर्यंत थांबून राहिले. मला ते बघवेना.

दाजी गेल्यावर म्हटलं, "चला. रिक्षा सांगते."

"न्हाई."

"लेकीच्या सासरी बाप राहत नाही. कुणाचा नियम हा?"

"माझाच. मीच केलता, मीच मोडला."

"माझं काय चुकलं ते सांगा."

अण्णांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मग म्हणाले, "तुझं बोलणं फार असतंय, ते एक हाय. ताई लोणचं देती." मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला, वर्गात करायचे तसा. "आता ऐक. माझी आई चौदा वर्षं अंथरुणाला होती. तू लहान होतीस, तुला धड आठवत नसंल. मी शाळा, शिकवण्या सांभाळून तिचं सगळं केलं. हागणं-मुतणं केलं. सगळी गल्ली मला श्रावणबाळ म्हणायची. ती गेली, दहन झालं, पावणं पांगली, आणि मी आत जाऊन आडवा झालो. चार तास गाढ झोपलो. चौदा वर्षांत तसली झोप लागली नव्हती. उठल्यावर पहिलं मनात काय आलं सांगू? सुटलो."

मी हातातला कप खाली ठेवला.

"पंचेचाळीस वर्षं झाली. दर श्राद्धाला पानावर बसलो की तेवढंच आठवतंय. तिचा चेहरा आठवत न्हाई, ती झोप आठवती. तुझ्या आईलाबी कधी सांगितलं न्हाई. तुझं काय होणार ते मला दिसत हुतं. मी गेल्यावर तू सुटली असतीस, आणि मग त्या सुटण्याचं तुला मरेपर्यंत पुरलं असतं. त्यापेक्षा म्हटलं, जिवंत हाय तोवर आपणच निघावं. आता सूट. मला शिव्या घालत सूट, पण सूट."

"इथं तुम्हाला उठून उभं राहावं लागतंय."

"व्हय. होईल सवय."

ताई आतून भाताला फोडणी घालत होती, तिला ऐकू गेलं असेल की नाही माहीत नाही. मी त्यांच्या पायाशी पायरीवर बसले. अकरा वर्षं त्यांच्या पायाला तेल लावलं, पण अशी बसले नव्हते. मग त्यांनी विचारलं, तिकडं काय काय बघितलंस. मी चित्रातल्या वैतागलेल्या बाईचं सांगितलं. ते मोठ्यानं हसले. चढलीस का घुमटावर, असं विचारलं, तर मी म्हटलं, तिकिटं संपली होती.

जेवून साडेचारच्या एसटीला बसले. खिडकीशी जागा मिळाली. हातकणंगल्यापर्यंत रडले, अगदी शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढं करावी इतकं.

त्यापुढचं लिहावं की नाही यात बराच वेळ गेला. लिहिते. हातकणंगलं गेल्यावर रडू थांबलं आणि मला हलकं वाटायला लागलं. घरी गोळ्यांची वेळ नव्हती, पाण्याची पाळी चुकली तरी कुणी अडून बसणार नव्हतं, मी कितीला पोचले हे विचारणारं कुणी नव्हतं. मला बरं वाटलं. लगेच लाज वाटली, पण बरं वाटणं तसंच राहिलं. एसटीतूनच अण्णांना फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"पोचलीस?"

"नाही, एसटीतच आहे. अण्णा, मला बरं वाटतंय."

कट झाला की काय म्हणून मी फोन कानापासून लांब करून बघितला, चालू होता.

"झालं तर मग," अण्णा म्हणाले, आणि माझ्या आधी त्यांनी फोन ठेवला.